पपईची नर झाडं

माय, तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे, मीच सांगितली नाही. घरामागच्या सांदवाडीत, न्हाणीचं पाणी जायचं त्या चरीच्या काठानं, तू पपई लावायचीस. बी अड्याळच्या बाजारातून आणलेल्या पपईचं, राखेत घोळून वाळवलेलं. टोलीच्या वीस-पंचवीस घरांतल्या बाया आपल्या वाडीतलं पहिलं रोप तुझ्याच हातानं लावून घ्यायच्या, मग ते वांगं असो की कोहळं. तुझ्या हाताला गुण आहे म्हणायच्या. तू वरवर "कायचा गुन" म्हणायचीस, पण बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचीस. त्या वर्षी तर अख्ख्या टोलीत तुझ्याच हातची पपई होती.

शेतकी शाळेत जाऊन मला चारच महिने झाले होते. दिवाळीला आलो तो मोठा शहाणा होऊनच. ज्यांची फुलं लांब दांड्यांना लोंबतात ती नर झाडं, त्यांना फळ धरत नाही, उगाच खत-पाणी खातात, एवढं मास्तरांनी शिकवलं होतं. मी इळा घेतला आणि आपली, शेजारची, टोलीतली एकूण एक नर झाडं तोडली. तू कौतुकानं माझ्या मागेमागे फिरत होतीस. सुट्टी संपवून परत गेलो तर मास्तरांनी उरलेला धडा सांगितला. दहा माद्यांमागे एक नर ठेवायचाच, नाहीतर माद्यांनाही फळ धरत नाही. शाळेच्या बागेत नर फुलं ढिगानं होती. चार दांड्या पिशवीत घालून घरी यायचं आणि माद्यांच्या फुलांवर फिरवायच्या, एवढंच करायचं होतं. पण मग चूक सांगावी लागली असती.

होळीला आलो, तर झाडांखाली पिवळ्या फुलांचा सडा आणि तू तो वेचतेस. समोरची काकी त्याच आठवड्यात सांगून गेली होती, यंदा दोडके सून लावेल, तुम्ही नका येऊ.

"माह्या हाताचा गुन गेला का रे, बाबू? तुमच्या शाळेत काई सांगतेत का याचं?"

"नाई सांगत, माय."

त्यानंतर तू मातीत हात घातला नाहीस. तुळससुद्धा बाबांकडून लावून घेतलीस. दोन पावसाळ्यांनी तू तापानं गेलीस.

आता मी गावोगाव फिरून हेच शिकवतो, त्याचाच पगार घेतो. लाज वाटते, पण ती आता कोणापुढे वाटून काय उपयोग? हे पत्र टाकायचं तरी कुठे? घडी घालून कपाटात ठेवीन. उद्या कारध्याला सभा आहे, तिथेही पपईचा विषय निघेल आणि लोकांना पटावं म्हणून मी नेहमीचं उदाहरण देईन. माय, त्या उदाहरणात मी म्हणतो, आमच्या गावात एका अडाणी बाईनं सगळी नर झाडं तोडून टाकली होती. लोक हसतात. मीही हसतो.