डावीकडचं लहान दार

ता. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. गुडघा दुखतो, जीभ दुखत नाही, एवढं लिहिलं की तुला कळेल.

बाबांना जाऊन वर्ष झालं. दुकानात ओट्यामागे आता मी एकटाच असतो. मागच्या आठवड्यात एक उद्योग केला. येणारा माणूस पहिल्यांदा काय मागतो ते भिंतीवर खडूने मांडत गेलो. एक माणूस, एक रेघ. आठ दिवसांत चिकनच्या रेघा दाराच्या चौकटीपर्यंत गेल्या. आपल्याकडे चिकन मिळत नाही हे माहीत असून लोक विचारतात आणि पुढे जातात. मटणाच्या रेघा अकरा. त्यातल्या चार आजाऱ्याच्या सुपासाठी.

आपल्या लहानपणी रविवारी मटण असायचं आणि कोंबडी कधीतरी, पाहुणा न सांगता आला तर. आता उलटं झालंय. मटण पाहुण्यापुरतं, तेही पाहुणा वजनदार असेल तर. चिकन सोमवारी, बुधवारी, पगार झाला म्हणून, पगार झाला नाही म्हणून, काय करावं सुचलं नाही म्हणून.

तेव्हा ठरवलं. मटण बंद. मागचा बोळ पाडायचा आणि तिथे पिंजरे आणि मोठा फ्रीज ठेवायचा. गवंडी एकवीस तारखेला येतो.

राहिला आपला बोकड, पुढारी. आवारातल्या बकऱ्यांना बोळातून आत कापायच्या खोलीकडे न्यायचं आणि आत शिरायच्या आधी स्वतः डावीकडच्या लहान दाराने अंगणात निसटायचं, एवढंच काम त्याला येतं. बाबा म्हणायचे, नाव शोभतं. पण कोंबड्या पिंजऱ्यांतून येतात, त्यांना पुढारी लागत नाही. महिनाभरात मी एकही जनावर आणलेलं नाही. जे विकतो ते कापलेलंच येतं. तरी तो रोज सकाळी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. मागे कोणी नसतं. सगळे गोळा व्हावेत इतका वेळ थांबतो, मग चालू लागतो, डावीकडे वळतो आणि अंगणात येऊन गूळ मागतो. आई म्हणते, त्या वेळी बोळात चाराहून जास्त पाय वाजतात. मी तिला म्हटलं, बोळ आहे, घुमणारच.

एका खानावळवाल्याने त्याला मागितलाय. काय करू ते कळव.

लोभ आहेच, सल्लाही असावा.

तुझा,
धाकटा

ता. ६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं ते खडूच्या रेघांना. माझ्या कँटीनमध्येही तेच आहे. कारखान्याची तीनशे माणसं दोन पाळ्यांत जेवतात आणि आठवड्याचा फळा मी लिहिते. चिकन तीन दिवस, अंडी दोन, मासे शुक्रवारी, मटण महिन्याच्या पहिल्या तारखेला. चिकनच्या दिवशी लोक ताट पुढे करतात आणि शेजाऱ्याशी बोलत राहतात, ताटात बघतही नाहीत. मटणाच्या दिवशी रांग थांबते. कोवळं आहे का, बोकडाचं आहे का, कुठून आणलं. जे कधीतरी खातात त्याचीच चौकशी करतात.

मी मटण वाढते, खात नाही, हे तुला माहीत आहे. का, ते कधी सांगितलं नाही. मी अकरा वर्षांची असताना पुढाऱ्याला चालायला मीच शिकवलं. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका असलेलं पिल्लू होतं ते. हातात गूळ धरून मी बोळातून पुढे जायचे, डावीकडच्या दाराशी वाकायचे आणि पलीकडे गेले की गूळ द्यायचे. तीन आठवड्यांत शिकला. बाबांनी सगळ्या गल्लीला कौतुकाने सांगितलं. मला तो खेळ वाटत होता. मग एका सकाळी मी अंगणात उभी राहून पाहिलं. बोळात नऊ गेले. अंगणात एक आला. मोजायला मला तेव्हा येत होतं.

कोंबडी खाते, कारण कोंबडीला मी काही शिकवलेलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. आपल्या घरातही मी हॉस्टेलवरून आले तोवर सगळे कोंबडीच खायला लागले होते. बाबांना विचारलं तर म्हणाले, हलवाई कुठे आपली मिठाई खातो.

खानावळवाल्याला नाही सांग. पुढारी माझा आहे. मला क्वार्टरसमोर आवार आहे, गवत आहे, भिंत आहे. वीस तारखेला टेम्पो घेऊन येते. आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरला सांगितलं की बोकड वीस वर्षांचा आहे, तर तो हसला. एवढा म्हातारा बोकड त्याने जन्मात पाहिलेला नाही, फोटो पाठवा म्हणाला. पाठव एक.

आईला नमस्कार. तुम्हा दोघांना माया, आणि तिच्यातली चिमूटभर त्याला.

तुझी,
ताई

ता. १० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेम्पो सांगू नकोस. पुढारी आता हट्टी झालाय, दोरी लावली की पाय रोवतो. शिवाय एवढा प्रवास त्याला सोसणार नाही. आणि तुझ्या घरी मुलगी लहान आहे, शिंग लागलं तर उगाच जन्माचं दुखणं. मी इथेच कोणाकडे तरी सोय करतो, खानावळवाल्याकडे देत नाही, शब्द.

फोटो निघाला नाही. मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय.

आईचा गुडघा तसाच. माझ्या बायकोने तुला लोणच्याची बरणी भरून ठेवलीय, पाठवून देतो, त्यासाठी यायला नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटा

ता. १३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

लहानपणी तू खरं बोलायचास तेव्हा एक कारण द्यायचास. या वेळी तीन दिलीस आणि वर लोणचं.

आईला फोन केला. तिने गुडघ्याचं सांगितलं, हवेचं सांगितलं, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. पुढाऱ्याचं विचारलं तेव्हा तिने फोन तुझ्या बायकोकडे दिला. तिने दूध उतू चाललंय म्हणून ठेवून दिला.

मेला असेल तर मेला म्हण. म्हातारं जनावर मरतं, त्याचा मी राग धरणार नाही. पण तूच लिहिलंस की तो रोज सकाळी बोळात जातो. मग तिथे जातं कोण?

वीस तारखेला मी येणारच आहे. त्याआधी लिहिलंस तर बरं.

ताई

ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

जो जातो तो तुझा पुढारी नाही. तुझा पुढारी बारा वर्षांपूर्वी गेला. मी घालवला.

तू हॉस्टेलवर होतीस. मी सोळा वर्षांचा होतो आणि त्या सकाळी फळी पहिल्यांदाच एकट्या माझ्याकडे होती. पुढारी डावीकडे निसटला की लगेच लहान दाराची फळी खाली सोडायची, म्हणजे मागचे सरळ आत जातात. मी ती एक पाऊल आधी सोडली. तो दाराशी आला आणि फळीला नाक लावून उभा राहिला. मागून बाकीचे आले. त्यांनी ढकललं असं म्हणता येणार नाही, ते फक्त चालत राहिले, आणि तो त्यांच्याबरोबर सरळ गेला. त्याने ओढ घेतली नाही. आज दार पुढे आहे असं त्याला वाटलं असेल. आतली कापणारी दोन माणसं कामाच्या वेळी तोंडाकडे बघत नसत.

फळी उचलता आली असती. ओरडता आलं असतं. ओरडलो असतो तर बाबांना कळलं असतं की फळी मी चुकवली. एवढ्यासाठी गप्प राहिलो.

बाबा अंगणात गूळ घेऊन उभे होते. बराच वेळ उभे राहिले. मग आत आले आणि कोपऱ्यात काढून ठेवलेली मुंडकी पाहिली. तोवर त्याचं निम्मं मटण गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतून गेलं होतं. उरलेलं त्यांनी स्वतः तोडून विकलं. मला एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घरी येताना पलीकडच्या दुकानातून कोंबडी घेऊन आले. त्यानंतर आपल्या घरात मटण शिजलं नाही. हलवायाचं तुला सांगण्यापुरतं होतं. गाव चिकनवर यायला अजून दहा वर्षं होती, आपलं घर त्या दिवशी आलं.

आठवड्याने बाबांनी एक पिल्लू आणलं, तसाच ठिपका बघून. शिकवलं मी. तू दीड वर्षाने आलीस आणि म्हणालीस, ठिपका मोठा झाला. वयाने पसरतो म्हणून आईने सांगितलं. तू मान डोलावलीस. त्या वेळी मी स्वयंपाकघरात होतो.

आईला ऐकू येतं ते मलाही येतं. तिला वाटतं पावलं त्याच्या मागून येतात. मी ओट्याशी असतो, मला नीट कळतं. ती त्याच्या पुढून वाजतात. आणि डावीकडे वळत नाहीत.

हा बारा वर्षांचा आहे. याचा कशात दोष नाही. माझ्यावर लोभ ठेव असं लिहायचा हक्क मला राहिलेला नाही, यालाच थोडा दे.

धाकटा

ता. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वीस तारखेला मी आले ती टेम्पो सांगून झाला होता म्हणून नाही, तो बोळ एकदा स्वतः ऐकायचा होता म्हणून. तुझ्याशी बोलले नाही, आईशी बोलले, तुझ्या बायकोच्या हातचं जेवले. चिकन होतं. तू पानावरून लवकर उठलास.

तुला दुकानाचं शटर ओढून बाहेर उभं राहायला सांगितलं तेव्हा मी बोळात गेले होते. पुढारी पुढे आणि मी त्याच्या मागे. त्यालाही पुढारीच म्हणेन, दुसरं काय म्हणणार. त्याने माझ्यासाठीही तेवढाच वेळ वाट पाहिली. मग चालला आणि डावीकडे वळला. मला ते दार आता कमरेएवढं आहे. मी सरळ उभी राहिले आणि तुझी ती पुढची पावलं ऐकू येतात का ते ऐकलं. काही आलं नाही. तुला येतात, मला येत नाहीत. शिकवलं मी, चुकलास तू, आणि झोप तुझीच गेली. याची मला भीती वाटली.

दोरी लावून तो येईना हे तू खरं लिहिलं होतंस. कोणाच्या मागे जायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. टेम्पोपर्यंत मला त्याच्या मागे राहूनच न्यावं लागलं.

इथे पहिले दोन दिवस तो भिंतीशी उभा होता. आमच्या पोरीने त्याला कोबीची पानं घातली. तिसऱ्या दिवशी तो चालायला लागला, आवाराच्या या टोकापासून फाटकापर्यंत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याच्या मागून पोर चालत होती आणि तिच्या मागून शेजारची दोन. खेळ होता त्यांचा. मी कँटीनचा फळा लिहीत बसले होते, खिडकीतून बघत होते, मलाही गंमत वाटत होती. मंगळवारसाठी चिकन लिहिलं आणि वर पाहिलं. फाटक उघडं होतं. बाहेर कारखान्याचे ट्रक मागे घेत होते. पुढारी फाटकापाशी पोचला आणि डावीकडे वळला, भिंतीच्या सावलीत. मुलं सरळ चालत राहिली.

मी ओरडले. असा आवाज माझ्या घशात आहे हे मला माहीत नव्हतं. कँटीनमधली माणसं ताटं सोडून बाहेर आली. मुलं थांबली. पहिल्या ट्रकचं चाक आमच्या पोरीपासून चार हातांवर होतं.

ती संध्याकाळभर रडली. ट्रकला नाही, माझ्या ओरडण्याला घाबरली. तिला जवळ घेतलं, पण चूक झाली असं म्हणाले नाही.

फाटकाला आता कडी आहे आणि ती मी दोनदा बघते. त्याला बांधलेलं नाही. अजून चालतो, रोज, वळतो आणि माझ्याकडे बघतो. मी त्याला काही देत नाही.

बोळ पाडून झाला असेल. झाला नसेल तर गवंड्याला पैसे देऊन घरी पाठव आणि स्वतः पाड. लहान दाराची फळी जाळ. आईला सांग, आता ऐकू आलं तर मला सांगायचं, तुला नाही.

तुझ्यावर माझा राग आहे. बारा वर्षांचा राग एका आठवड्यात जात नाही, घाई करू नकोस. पण रविवारी ये. कँटीन बंद असतं, घरी मी जे रांधेन ते खा, आणि त्या वेळी तू ओरडला नाहीस ते एकदा माझ्यासमोर बसून तोंडाने सांग. पत्रातलं मला पुरलं नाही.

लोभ जिथे होता तिथेच आहे, तुला तेवढं चालत यावं लागेल.

तुझी,
ताई