'घरचे' अशी नोंद असलेल्या मुलीच्या पालकत्वाबाबत

प्रति,
मा. बालसंरक्षण अधिकारी,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : सात वर्षे सांभाळलेल्या मुलीच्या कानाच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याचा अधिकार मिळणेबाबत.
संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने मला बजावलेली 'कारणे दाखवा' नोटीस. २) खिडकी क्रमांक चारवरील तोंडी नकार. ३) माझे आधीचे पाच अर्ज.

महोदय,

हा सहावा अर्ज. आधीच्या पाचांत 'सविनय' लिहिले होते, ते इथेही धरून चालावे.

१. मी शिंपी. दुकान खाली, राहणे वर. माझ्याकडे काजे-बटणे करायला एक बाई होत्या. सात वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी काम बघून आठ दिवसांत येते, असे सांगून त्यांनी दोन वर्षांची मुलगी कापडाच्या गठ्ठ्यावर बसवली आणि त्या गेल्या. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. पोलिसांत कळवले, शोध लागला नाही. मुलगी मला मामा म्हणते. रक्ताचे नाते काडीचेही नाही, हे मी प्रत्येक खिडकीवर न विचारता सांगत आलो आहे.

२. मागील वर्षी मुलीचा उजवा कान वाहू लागला व तीन आठवडे शाळा बुडाली. तेव्हा आपल्या कार्यालयाने मला नोटीस काढली. तीत माझा उल्लेख 'पालक' असा आहे. मी हजर राहिलो, बोलणी खाल्ली, लेखी माफी दिली. तीही पालकाची म्हणून दाखल झाली. आता त्याच कानाची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. आणखी लांबवल्यास तो कान कायमचा जाईल, असे डॉक्टर सांगतात. रुग्णालयास पालकाची सही हवी आणि आपल्या कार्यालयाच्या मते मी पालक नाही. बोलणी खायला पालक आणि सहीला परका, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

३. सांभाळल्याचा पुरावा मागितला, म्हणून मी दुकानाची मापांची वही दिली. मुलगी आली त्या तारखेला दर वर्षी मी तिचे माप घेतो. उंची, छाती, बाही, सगळे तीत आहे. खिडकीवरील साहेबांनी वही परत केली, कारण तीत मुलीचे नाव कुठेच नाही. हे खरे आहे. आमच्यात नाव लिहितात ते गिऱ्हाइकाचे. घरच्या माणसाच्या मापावर नुसते 'घरचे' लिहायचे, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. मुलीला गिऱ्हाईक समजून नाव घातले असते, तर आज मी पालक ठरलो असतो. साहेब म्हणाले, आता घालून आणा. जुन्या तारखेपुढे नवी शाई मी घालणार नाही.

४. हेलपाटे घालून मी थकलो आहे. अर्जात असे लिहितात की नाही, माहीत नाही. परवा मुलीने विचारले, "मामा, तुझी सही चालत नाही, तर माझी चालेल का?" आणि खडूने कापडावर करून दाखवली. ते कापड गिऱ्हाइकाचे होते. मी रागावलो नाही.

५. मला तिचा बाप करा, असे मागणे नाही. तिची आई उद्या आली तरी दार उघडे आहे. नोटीस बजावताना मला जे मानले, तेच गुरुवारपर्यंत लेखी मानावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
व आपल्याच नोटिशीप्रमाणे पालक,
(सही)
शिंपी
दिनांक : १४, सोमवार

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) पोलिसांची पोच.
३) मापांची वही, 'घरचे' अशी सात पाने.
४) मुलगी. मूळ दाखवल्याशिवाय खिडकीवर काही घेत नाहीत, म्हणून आणली आहे. बाहेर बाकावर बसली आहे. तिच्याशी डाव्या बाजूने बोलावे. पाहून झाल्यावर परत मिळावी.