जास्तीची नीळ

सक्करदरा, नागपूर
१८ जानेवारी १९८७

प्रिय तुळसा,

सप्रेम जय भीम. हे पत्र गोपिका तुला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी तिलाच सांगते. सूनबाई, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस. तुझी सासू ‘पुरे कर’ म्हणेल, तरी पुढे वाचायचं. मी जन्मभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला आहे, कोण कुठे पान चुकवतं ते मला न बघताही कळतं.

तुझा बळीराम मागच्या महिन्यात कारखान्याच्या कामाने नागपूरला आला होता, तेव्हा घरी येऊन गेला. तू चहा कपाबाहेर ओततेस, दारातल्या माणसाला आवाजावरून ओळखतेस आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ताटावरून उठतेस, असं म्हणाला. त्याला बाराखडी मी शिकवली, पण तुझ्यापुढे तोंड उघडायला काही शिकवता आलं नाही. सांगत होता, ‘माय म्हन्ते, डोळा काढून वाटीत ठेवतात अन् मंग परत बसवतात.’ तुळसा, वाटीत काहीसुद्धा ठेवत नाहीत. मी स्वतः त्या टेबलावर निजून आले आहे. थंडी पडायला लागली तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तुला कळवलं नाही, बळीरामलाही सांगू नको म्हटलं, कारण तू घाबरली असतीस आणि मलाही घाबरवून सोडलं असतंस.

आता काय काय होतं ते ऐक. आधी डोळा मोजतात, चपलेसाठी पाय मोजतात तसा. मग पापण्यांचे केस कापतात, आरशात आपण सोललेल्या कोंबडीसारखे दिसतो. थेंब घालून घालून बाहुली मोठी करतात. डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात, ते मात्र दुखतं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखतं. पण त्यानंतर डोळा आपला राहतच नाही. तोंडावर हिरवं फडकं टाकतात आणि त्याच्या भोकातून काम चालतं. मला नुसता उजेड दिसत होता, त्यात पाणी हलल्यासारखं काहीतरी. डॉक्टर सिस्टरशी कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीबद्दल बोलत होते, आणि मध्येच मला म्हणाले, ‘बाई, हलू नका, खोकू नका, चूप पडून राहा.’ हाताची घडी, तोंडावर बोट, असं मी हजारो पोरांना सांगितलं, आणि या वयात ते माझ्यावरच उलटलं. मला हसू यायला लागलं, ते मोठ्या मुश्किलीने आवरलं.

मोतीबिंदू काढला की त्या जागी आतच एक भिंग बसवतात. मी आधी हट्टाने ते बघायला मागितलं होतं. मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं, काचेसारखं स्वच्छ, आणि दोन्ही बाजूंनी मिशा, त्या मिशांवर ते आत टेकून राहतं. तुझ्या जावेला मिळाला होता तसला बाटलीच्या बुडाचा चष्मा आता लागत नाही. ती बिचारी जमीन वर आली समजून पाय उचलून टाकायची, आणि आपण दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. तसलं काही होत नाही. भिंग आत आहे हे कळतही नाही. सुरुवातीला वाळू गेल्यासारखं खुपतं, ते टाक्यांमुळे. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, त्या कुशीवर निजायचं नाही. हळूहळू दिसणं निवळत जातं. वाचायला साधा चष्मा लागतो, तो मिळाला आहे, त्यातूनच हे लिहिते आहे.

ऑपरेशन सोपं होतं. जड गेलं ते नाव लिहिताना. सिस्टरने विचारलं, सोबत कोण आहे? महादेवरावांना जाऊन किती वर्षं झाली तुला माहीत आहे, मूलबाळ आम्हाला नाही. मी म्हटलं, येतील. शेजारच्या यमुताई रिक्षाने सोडून गेल्या होत्या, त्यांचंही घर आहे, त्या किती थांबतील? माझ्या बाजूच्या खाटेवर कामठीची कौशल्या होती. तिचं अख्खं घर तिथे, मुलगा, सुना, भाऊ, भावाची सासू. एक उठला की दुसरा बसायचा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्यावर मला सगळ्यांच्या नुसत्या बांगड्या आणि चपला ऐकू यायच्या. माझ्या खाटेशी कोणी थांबलं की मी तोंड वळवायची, आणि ते कौशल्याचंच माणूस असायचं, स्टूल न्यायला आलेलं. शेवटी तिनेच विचारलं, ‘बाई, तुमचं कोनी नाही आलं काहून?’ मी म्हटलं, येऊन राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही, पण सुनेला सांगितलं, ‘बाईच्याही डोळ्यात थेंब टाकत जाय वं.’ परक्या पोरीच्या हाताने थेंब घालून घेताना डोळ्यातून पाणी येत होतं, ते औषधाचं आहे असं तिला वाटलं ते बरं झालं.

घरी आल्यावर एक गंमत झाली, ती तुला सांगायचीच आहे. पहिले काही दिवस सगळंच जरा निळसर दिसतं, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. इतके दिवस आपण मोतीबिंदूच्या पिवळट काचेतून बघत असतो, ती निघाली की असं होतं. पुढे डोळा सरावला. दूध पांढरं दिसायला लागलं, खडूही पांढरा, यमुताईंचं लुगडं पांढरं. मग एका रविवारी विहारात वंदनेला जायचं म्हणून मी पेटीतून माझं पांढरं लुगडं काढलं, तर ते निळं! दुसरं काढलं, तेही निळं. पेटीतली सगळी पांढरी लुगडी निळी. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं, तर पांढरी स्वच्छ. डावा झाकून उजव्याने बघितलं की आभाळ उतरलेलं. मी पलंगावर बसून कितीतरी वेळ एकेक डोळा झाकत राहिले.

कळलं ना काय झालं ते? लुगडी मला पिवळट दिसायची, म्हणून मी बादलीत नीळ वाढवत गेले. तरी पिवळीच दिसायची, मी अजून घालायची. कितीतरी वर्षं मी अशी निळी होऊन विहारात पहिल्या रांगेत बसत होते, आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही. यमुताईंना जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘आमाले वाटलं तुमी मुद्दाम नेसता बाई, आपल्या झेंड्याचा रंग म्हनून.’ एवढंच नाही, विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या भीमाबाईंनी माझं बघून आपल्याही लुगड्यांना जास्त नीळ घालायला सुरुवात केली होती! तू असतीस तर हसून लोळली असतीस. मीही हसले. हसत हसत घरी आले, कडी लावली, आणि मग रडले.

कारण तुळसा, लोकांनी वाईट म्हणून नाही, आदर म्हणून सांगितलं नाही. बाईंना कोण सांगणार? दीक्षेच्या आदल्या दिवशी आपण दोघींनी नळावर लुगडी धुतली होती ते आठवतं? तू ओंजळीत पाणी घेऊन नीळ बघितलीस आणि माझ्या हातावर चापट मारून म्हणालीस, ‘पुरे वं सिंधू, लुगडं धुवून राहिली का रंगवून राहिली?’ पुढे शेजारी राहिलो तितकी वर्षं तेच. बळीराम तुला बल्लारशाहला घेऊन गेला, आणि मला पुरे म्हणणारं माणूस या घरातून गेलं. महादेवराव गेले तेव्हा माणसं जमली होती. तू गेलीस तेव्हा कोणी भेटायला आलं नाही, कारण तुझं जाणं हे माझं दुःख आहे हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं. आता नवीन भिंगातून घर लख्ख दिसतं, कोपऱ्यातली जाळी दिसतात, भिंतीतली भेग दिसते, आणि समोरची तुझी खुर्ची रिकामी आहे हेही फार स्वच्छ दिसतं.

गोपिका, इथे थांबू नकोस, हेच वाचायचं आहे. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन थंडी आहे तोवर उरकायचं ठरलं आहे, उन्हाळ्यात पट्टी बांधून नागपुरात पडणं कोणाच्या नशिबी येऊ नये. परवा सिस्टरने पुन्हा तेच विचारलं, सोबत कोण? या वेळी मी ‘येतील’ म्हटलं नाही. मी तुझं नाव सांगितलं, आणि तुझंच नाव दुसऱ्यांदाही सांगितलं, पेशंट म्हणून. आधी तुझा डोळा, मग माझा. तुझ्या डोळ्यात थेंब मी घालेन, आणि तुला दिसायला लागलं की माझ्या डोळ्यात तू घालशील. इंजेक्शन देतील तेव्हा माझा हात धर, मोडला तरी चालेल. उत्तर कोणाकडून लिहून घेऊ नकोस, बळीरामला घेऊन ये. लुगडी मी भिजत घातलेली नाहीत. नीळ तू आल्यावरच घालेन.

तुझीच,
सिंधू