तुझ्या नावावरची केस

आई, तुला जाऊन तीस वर्षं झाली. तू असताना हे बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आणीबाणीत तुमच्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेला नसबंदीसाठी माणसं आणून द्यायचा हुकूम आला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, महिनाअखेर दोन केस हव्यात." "डोक्यावरचे देऊ का?" तू विचारलंस. मग शांतपणे लिहून दिलंस, मी माणसं पुरवणार नाही. तुला निलंबित केलं. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेच्या वेळेत फाटकाबाहेर बसायला लागलीस, मांडीवर पाटी, पाटीवर तेच वाक्य. घोषणा नाही, भाषण नाही. पोलिसांनी दोनदा चौकीवर नेऊन दम दिला, तिसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथेच.

माझं लग्न ठरलं होतं. सासरे सरकारी नोकरीत. "आईंनी हा तमाशा थांबवावा, नाहीतर आमचं अवघड आहे," असा त्यांचा निरोप आला. तू स्वयंपाकघरात मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मग दुसरं स्थळ बघू." जणू दुसरी जुडी आणायची होती. त्या क्षणी मला तुझा मनापासून राग आला.

दोन दिवसांनी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. सव्वीस-सत्तावीसचा असेल, बायकोला पहिल्यांदाच दिवस गेलेले. मी सांगितलं, आईनं पाठवलंय, रेशनकार्डाचं काम आहे, चल. तो इस्त्री बाजूला ठेवून निघाला. नसबंदी शिबिराच्या दारातून त्याला आत ढकललं तेव्हा त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी कारकुनाला ती केस तुझ्या नावावर लिहून घ्यायला सांगत होते.

हेडमास्तर फाटकाशी येऊन तुला म्हणाले, "या आत, तुमची एक केस जमा झाली. मुलीनं आणली." तू माणसाचं नाव विचारलंस आणि तडक घरी आलीस. माझा दंड धरून त्याच्या खोलीवर नेलंस. "सांग हिला," एवढंच म्हणालीस. मी त्याच्या बायकोसमोर सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "ताई, तुम्ही बाईंच्या, म्हणून आलो."

तिथून तू चौकीवर गेलीस आणि पोटच्या मुलीविरुद्ध फसवणुकीची तक्रार लिहून दिलीस. ते हसले. मला हात लावला नाही, तुला मात्र तुरुंगात टाकलं. मी भेटायला आले, तर गजांपलीकडून तू विचारलंस, "तिला कितवा महिना?" माझं कसं चाललंय, हे नाही. माझं लग्न तुझ्याशिवाय लागलं. इस्त्रीवाल्याचं मूल जन्मल्यावर आठव्या दिवशी गेलं. तू सुटून आलीस ते आधी त्यांच्याकडे गेलीस. मी कधीच गेले नाही. पुढे बारा वर्षं तू माझ्या घरी येत राहिलीस, नातवंडांचे लाड केलेस, पण पाण्याचा पेलासुद्धा माझ्या हातून घेतला नाहीस. स्वतः उठून भरून घ्यायचीस. तेवढी शिक्षा तू शेवटपर्यंत चालवलीस, आणि आजारपणातही सोडली नाहीस.

परवा कोथरूडच्या या घरी नातीनं तुझ्याबद्दल कुठेतरी वाचून विचारलं, "आजी, पणजी तुरुंगात गेली तेव्हा तू काय करत होतीस?"

मी म्हटलं, "मी तिच्याबरोबर होते."

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच फाडते आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.