कळांचा तक्ता

४ नोव्हेंबर
समृद्धीला छत्तिसावा आठवडा लागला. डॉक्टरांच्या क्लासला वही भरून नोट्स काढणारा नवरा मी एकटाच. खऱ्या कळा कुठल्या, खोट्या कुठल्या, सगळं पाठ. तक्ता करून फ्रिजवर लावला. संकल्प : बाळ होईपर्यंत राग बंद.

७ नोव्हेंबर
सासूबाई उरणहून आल्या. कृष्णाबाई. चाळीस वर्षं मासळी विकतात, मेडिकल नॉलेज शून्य. लेकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पोट खाली उतरलाय. आता लय दिस नाय." मी तक्ता दाखवला. त्यांनी फ्रिज उघडून पापलेट आत ठेवलं.

११ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या परेशने परत माझ्या गाडीमागे गाडी लावली. अख्ख्या विचुंब्यात याला हीच जागा दिसते. शांतपणे समजावलं. समजावताना त्याची कॉलर माझ्या हातात होती, एवढंच. त्याने ठोसा मारला, माझा ओठ फाटला. मी त्याचा वायपर उपटला. हा राग नव्हे, सेल्फ-डिफेन्स. समृद्धी गॅलरीतून बघत होती.
संध्याकाळी तिच्या पोटात दुखलं. घरातल्या घरात चालायला लावलं. थांबलं. खोट्या कळा! तक्ता बरोबर.

१६ नोव्हेंबर
सकाळी तिला चिकट स्राव, त्यात रक्त. सासूबाई बॅग भरायला लागल्या. मी म्हटलं, यानंतरही काही दिवस जाऊ शकतात. त्या म्हणाल्या, "तुमी डाक्टर हाय का?" बॅग भिंतीवर आपटली. म्हणजे मीच आपटली. टोपडी, दुपटी हॉलभर. उचलली नाहीत. प्रश्न तत्त्वाचा होता. समृद्धी आत निघून गेली. हल्ली कमीच बोलते. हार्मोन्स.

१८ नोव्हेंबर, सकाळी १०.२०
कळा सात मिनिटांनी. स्टॉपवॉच चालू. नियम पाच मिनिटांचा आहे, मगच निघायचं. घाई नाही.

१०.४५
लादीवर पाणी. ती म्हणाली, पाणमोट फुटली. मी म्हटलं, बाटली सांडली असेल. तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. सासूबाईंनी माझ्या कानाखाली वाजवली. तक्त्यात शेवटी माझ्याच अक्षरात : पाणी गेल्यास मोजत बसू नये, थेट हॉस्पिटल. अक्षर फार बारीक आलंय.

संध्याकाळी ५, हॉस्पिटल
गाडी काढायला खाली धावलो. मागे परेशची गाडी. वीट उचलली, मागची काच फोडली. परेश धावत आला, त्याच्या नाकावर बुक्की दिली. सासूबाईंनीच त्याचं दार वाजवलं होतं आणि तो आम्हाला न्यायला किल्ली घेऊन येत होता, हे मला कोणी आधी सांगितलं नाही. नाकातून रक्त गळत असतानाच त्याने गाडी काढली. सासूबाईंनी सीटवरच्या काचा पदराने झाडल्या, समृद्धीला बसवलं आणि मला म्हणाल्या, "तुमी येऊ नका."
रिक्षाने गेलो. मुलगी झाली होती.

१९ नोव्हेंबर
समृद्धीला विचारलं, कळा एकदम सात मिनिटांवर कशा आल्या? म्हणाली, आदल्या दुपारपासून होत्या. बाथरूममध्ये नळ सोडून मोजत होते. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू ओरडतोस. भीती वाटते.
इथून ती उरणला जाणार, आईकडे. किती दिवस, ते सांगितलं नाही.
मी अजिबात ओरडत नाही, एवढंच तिला समजावून सांगायला लागलो. मुलगी दचकून रडायला लागली.