मागची गल्ली राहिली

अल मजाज, शारजा
बुधवार, ११ नोव्हेंबर १९९८

आज मीटिंगमध्ये बोलले.

खाडीकाठच्या मासेमारांच्या गावाचा आमच्या नगररचना ऑफिसचा नवा नकाशा. त्यात घरांमागची गल्ली काढून पार्किंग दाखवलं होतं. एवढीशी गल्ली, समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. ऑफिसातल्या पुरुषांना ती वाया गेलेली जागा वाटली. वाटणारच, त्यांना घराच्या पुढच्या बैठकीच्या खोलीत बसवून कॉफी देतात. सर्व्हेच्या वेळी मला मात्र तिथल्याच एका घरातल्या उम्म राशिदने हाताला धरून मागून नेलं. तिथल्या बायका एकमेकींकडे तिथूनच जातात, पुरुषांच्या बैठकीसमोरून नाही. गल्ली गेली तर त्यांनी घरातच बसायचं?

हेच सांगितलं. आमचे मुख्य साने साहेब म्हणाले, "मॅडम, ट्रेनी ना तुम्ही? मग गाड्या काय गच्चीवर लावायच्या?" सगळे हसले. मी म्हटलं, "सर, रस्त्यापलीकडे जागा मोकळी आहे." उद्धटपणा झाला का? झाला असेल. साहेबांनी नकाशा जवळ ओढला, रस्त्यापलीकडच्या जागेवर बोट ठेवलं. "खलास, विषय संपला. ठेवा गल्ली." नकाशावर ती मीच पुन्हा आखली. एवढीशी, पण आहे!

घरी सांगितलं तर धाकटा म्हणतो, "ताई, यू सेव्ह्ड अ गल्ली? दॅट्स इट?" बाबांची शाळा दहावीतच सुटली होती. ते जेवता जेवता थांबले.

"शुक्रवारी मला दाखव."

"बाबा, तुम्हाला नाही जाता येणार. बायकांची आहे ती."

"मग लांबून दाखव."