तापीला दिलेली पोथी

बाबा, तुम्ही गेल्याला तेरा वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी आयुष्यभर जिवंत माणसांवर रागावून बोलत आलो आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्याकडून टाळी नको, उत्तर हवं होतं. तुम्ही मात्र उत्तर न देता गेलात.

चौपन्न साल असावं. तापीकाठच्या तुमच्या गावी मी शाळामास्तर म्हणून आलो, सातपुड्यातून उतरलेला, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला आमच्या पाड्यातला पहिलाच. शाळा सुटली की मठात यायचो, तुम्ही तिथले पोथ्या लिहिणारे साधू. मठाची सांकेतिक लिपी बाहेरच्याला शिकवायची नाही असा नियम असताना तुम्ही ती मला शिकवलीत. पहिल्याच दिवशी मी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि तुम्ही माझा हात धरलात. "मास्तर, हा बाजारातला हिशेबाचा चोपडा आहे का?" म्हणालात. मी चिडलो नाही, कारण लगेच तुम्ही स्वतः तासलेला बोरू माझ्या हातात दिलात आणि काजळात बाभळीचा डिंक घोटून शाई कशी करायची ते दाखवलंत. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या साधूंनी लिहिलेल्या पोथ्या तुम्ही फडक्यांतून सोडवायचात, तेव्हा मला वाटायचं, माणसानं जगात हेच एक काम करावं.

माझे वडील आमच्या भागात सृष्टीची कथा सांगणारे म्हणून ओळखले जायचे, हे तुम्हाला मीच सांगितलं. पाण्यावर तरंगणाऱ्या पहिल्या मातीपासून ती सुरू व्हायची आणि रोज थोडी थोडी सांगत सात दिवस चालायची. तुम्ही म्हणालात, त्यांना घेऊन या, ही कथा माणसाबरोबर जाता कामा नये. उन्हाळ्यात ते आले, कमरेला फडकं, खांद्यावर घोंगडी. सात दिवस ते ओट्यावर बसून आमच्या बोलीत सांगत होते, मी त्याचा अर्थ देत होतो, तुम्ही त्यांचेच शब्द लिपीत उतरवत होता. वडील मला म्हणायचे, "मी एकदा सांगतो, हा दोनदा विचारतो. बहिरा आहे का तुझा गुरू?" मी ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात आणि तिसऱ्यांदा विचारलंत. आज आठवलं तरी तोंड कडू होतं, कारण त्याच सात दिवसांत त्यांची पत्रावळ ओट्यावरच मांडली जात होती. आत स्वयंपाकघरात माझं ताट तुमच्या शेजारी. मी मास्तर, धुतलेला सदरा घातलेला. माणसात भेद नाही असं तुमच्या पोथीत लिहिलेलं मी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. एका दुपारी मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, "महंतांची रीत आहे. मी काय बोलू?" जो माणूस एका काना-मात्रेसाठी तीनदा विचारत होता, त्याला इथे एकदाही बोलावंसं वाटलं नाही.

श्रावणात वडील तापानं गेले. त्यानंतर ती पोथी आणि माझं पाठांतर सोडून ती कथा पूर्ण अशी कुठेच उरली नाही. मठाचा नियम मला माहीत होता. वर्षभरात लिहिलेली प्रत्येक पोथी आश्विनात, पोथ्यांना ऊन दाखवायच्या दिवशी, दोघांनी मिळून वाचायची. एकानं पानावरून वाचायचं आणि ज्याला मूळ कथन येतं त्यानं तोंडानं म्हणायचं, महंतांसमोर आणि जमलेल्या गावासमोर. जुळलं तर पोथी पेटीत. न वाचलेली पोथी खोटी, ती फडक्यात बांधून तापीला द्यायची. चुकीची पोथी ठेवण्यापेक्षा पोथी नसलेली बरी, असं तुमचे लोक मानायचे. सांगणारा तर गेला होता. ते कथन म्हणू शकणारा त्या गावात मी एकटा.

ऊन दाखवायच्या दिवसानंतर दोन दिवसांनी मी मठात आलो. तुमचा भांडारी अंगणात भांडी घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आते कसाले वनात, मास्तर?"

"बाबा आहेत?"

"शेतस. बोलाव नहीत. दिनभर तुमनी वाट दखत बठेल व्हतात. मंग महंतनी सांगं, आनि तापीमाईले दी टाकं."

पोथी तापीत गेली होती. तुम्ही आत होता. मी उंबऱ्यावर उभा राहून नको ते सगळं बोललो. ओट्यावरची पत्रावळ काढली, महंतांचा धाक काढला, तुम्ही माझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलंत असंही म्हणालो. तुम्ही फक्त विचारलंत, "तुम्ही कुठे होता?" मी म्हणालो, विसरवाडीला माझी सभा होती, शेकडो लोक आले होते. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपण बोललो नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी तुमच्या अंत्यविधीलाही आलो नाही.

पुढे मी खरंच सभा गाजवल्या. शहाद्याला, नवापूरला, तळोद्याच्या बाजारात. पुस्तकं वाचली, देशोदेशीचे मठ आणि जाळलेली ग्रंथालयं यांच्याबद्दल बोललो, आणि प्रत्येक वेळी शेवटी तुम्हाला उभं केलं: ज्ञान कुलपात घालणारे, डोंगरातल्या माणसाची कथा पाण्यात बुडवणारे. लोक संतापायचे. म्हातारी माणसं डोळे पुसायची. यातलं पुष्कळ खरं आहे, ते मी मागे घेणार नाही. तुम्ही एका वाक्यानं ती पोथी वाचवू शकला असता. एकदा तरी नियमापेक्षा माणूस मोठा म्हणायचं होतंत. लपवून ठेवायची होतीत. तुम्ही नियमाचे चाकर होता, बाबा, आणि हे मी तुमच्या देहासमोरही म्हणालो असतो.

पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. त्या सकाळी मी मठाकडे निघालो होतो. कथा तेव्हा मला पाठ होती, वाटेत सुरुवात म्हणूनही पाहिली. मग डोळ्यांपुढे आलं की गावातले गुजर शेतकरी, शाळेतल्या मुलांचे बाप, सगळे अंगणात बसलेले असतील आणि त्यांच्यापुढे मला दिवसभर डोंगरातल्या बोलीत, बापासारखं हेल काढून म्हणावं लागेल. मास्तर कुणाचा पोर आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल. मी वाट बदलली, नावेनं तापी ओलांडली, नंदुरबारहून मोटार धरली आणि विसरवाडीच्या नाक्यावर चहाच्या दुकानात ट्रक बघत संध्याकाळपर्यंत बसलो.

सभा नव्हती, बाबा.